अज्ञात क्षार अज्ञातच राहू द्या

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
यांस,



बारावीच्या लेखी परीक्षेआधी राज्यभरातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होते. विषयाचे 70 गुण लेखीला, 30 प्रात्यक्षिकाला. त्या 30 गुणांतला एक वाटा चिमूटभर पुडीवर ठरतो. पुडीवर नाव नसतं, क्रमांक असतो. तिच्यात एक धन आयन आणि एक ऋण आयन असतो. ते कोणते, हे टेबलावरच्या आम्लांच्या, अमोनियाच्या आणि इतर अभिकारकांच्या बाटल्या वापरून विद्यार्थ्याने शोधून काढायचं. पाठ्यपुस्तकात याला गुणात्मक विश्लेषण म्हणतात. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत कुठल्याही कॉलेजात मुलं त्याला नुसतं ‘सॉल्ट’ म्हणतात. हे पत्र त्या सॉल्टविषयी आहे.

परीक्षा देऊन मुलं बाहेर आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘तुला कोणतं सॉल्ट आलं?’ कुणी झिंक सल्फेट सांगतं, कुणी अमोनियम क्लोराईड. ‘कसं ओळखलंस?’ असं सहसा कुणी विचारत नाही. त्याचं कारणही सगळ्यांना माहीत आहे. प्रयोगशाळेच्या कपाटातल्या क्षारांची यादी लहान असते आणि वर्षभर तेच क्षार फिरत असतात. निळं दिसलं की कॉपर, हिरवट असलं की निकेल किंवा फेरस, गुलाबी असलं की कोबाल्ट, हे मुलांना पाठ असतं. पांढऱ्या पुडीचं कोडं बरेचदा आधीच्या बॅचने सुटतं. मग उत्तरपत्रिका उलटी लिहिली जाते. आधी नाव ठरतं, त्यानंतर त्या नावाला शोभतील अशी निरीक्षणं रकान्यांत भरली जातात. ‘पांढरा अवक्षेप मिळाला’ असं लिहिलेलं असतं आणि परीक्षानळी कोरडीच राहिलेली असते.

मुलांना यात दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढची स्पर्धा वेगळ्याच दिशेने पळते. जेईई मेनच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक रसायनशास्त्राच्या तत्त्वांवर स्वतंत्र घटक आहे, आणि 2024 च्या नीटपासून तो तिथेही आला. तिथे शिसं, तांबं, लोह, जस्त, निकेल यांच्या कसोट्या चार पर्यायांतून निवडायच्या असतात. क्लासमध्ये त्यांचा तक्ता मिळतो, तो पाठ केला की काम होतं. कॉलेजात नाव आणि दिवसभर क्लास ही पद्धत इतकी रुळली, की विज्ञान शाखेच्या मुलांची बायोमेट्रिक हजेरी घ्या असा आदेश राज्य सरकारला 2018 साली काढावा लागला. हजेरी लागली, तरी हात परीक्षानळीला लागतोच असं नाही.

या कसरतीत मुलांच्या हातून नेमकं काय निसटतं, ते एका क्षारावरून पाहता येईल.

समजा, पुडीत पांढरे, जडसर स्फटिक आहेत. विद्यार्थिनी चिमूटभर स्फटिक कोरड्या परीक्षानळीत घेऊन तापवते. ते तडतडतात. नळीच्या तोंडाशी तपकिरी वायू दिसू लागतो आणि तळाशी उरलेला अवशेष गरम असताना तांबूस, निवल्यावर पिवळा होतो. जस्ताचा अवशेष याच्या उलट वागतो: गरम असताना पिवळा, निवल्यावर पांढरा. एवढ्यावरच दोन संशय बळावतात, वायूवरून नायट्रेटचा आणि अवशेषावरून शिशाचा. पण संशय म्हणजे निकाल नव्हे. ती उरलेले स्फटिक ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवते आणि त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालते. लगेच पांढरा अवक्षेप खाली बसतो. तो गाळून पाण्यात उकळला की नाहीसा होतो. कारण लेड क्लोराईड थंड पाण्यात 100 मिलिलिटरला जेमतेम 1 ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात त्याच्या तिप्पट.

त्या गरम द्रावणात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब पडले की पिवळाधमक अवक्षेप येतो. तो पुन्हा पाण्यात तापवला की विरघळून द्रावण रंगहीन होतं. मग नळी नळाखाली धरून सावकाश गार करायची. रंगहीन पाण्यात सोनेरी चकत्या चमकू लागतात, फिरत फिरत खाली येतात आणि तळाशी सोन्याचा वर्ख साचल्यासारखा दिसतो. हे लेड आयोडाइडचे स्फटिक. तक्त्यातून हे कळत नाही. नळी हातात धरून थांबावं लागतं.

नायट्रेटची खातरजमा अजून बाकी असते. नमुन्याचं द्रावण ताज्या फेरस सल्फेटच्या द्रावणात मिसळून, नळी तिरकी धरून, कडेने संहत गंधकाम्ल सोडलं की दोन थरांच्या सीमेवर तपकिरी कडं उमटतं. मात्र मूळ द्रावणात शिसं असेल तर लेड सल्फेटचा पांढरा गढूळपणा मध्ये येतो. म्हणून आधी नमुना सोडियम कार्बोनेटबरोबर उकळून, शिसं अवक्षेपाच्या रूपात गाळून, उरलेलं द्रावण आम्लयुक्त करून घ्यावं लागतं. एका आयनाने दुसऱ्याची कसोटी कशी बिघडवली आणि ती अडचण कशी दूर केली, हे ज्या मुलीने केलं तिला विश्लेषण म्हणजे काय ते समजलं. तिने ‘लेड नायट्रेट’ असं लिहिलं, तर ते तिचं स्वतःचं उत्तर आहे.

या सगळ्या क्रमामागे मोठी बुद्धी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेझेनियस यांचं गुणात्मक विश्लेषणावरचं पुस्तक 1841 साली आलं, आणि आयनांना गटांत वाटून एकेक गट बाजूला काढण्याची जी पद्धत त्यांनी रुजवली तीच आजही आपल्या मुलांच्या जर्नलमध्ये आहे. आधी क्लोराईडने अवक्षेप देणारे, मग आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइडने, मग अमोनियम क्लोराईडच्या सोबतीने अमोनियाने, मग अमोनियायुक्त द्रावणात पुन्हा हायड्रोजन सल्फाइडने, मग अमोनियम कार्बोनेटने, शेवटी मॅग्नेशियम. क्रम मोडला की चुकीचा आयन चुकीच्या गटात येतो. विद्राव्यता, समतोल, आम्लता यांवर बारावीला जी प्रकरणं शिकवली जातात, ती इथे प्रत्यक्ष काम करताना दिसतात.

आणि अनोळखी पदार्थ ओळखण्याची गरज परीक्षेपुरती कधीच नव्हती. आमच्या मावळ तालुक्याच्या शेजारी चिंचवड आहे. तिथल्या चापेकर बंधूंनी ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला काळं फासलं. तो डाग निघेना. विल्सन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी 1898 साली तो काढून दाखवला आणि त्यांचं नाव देशभर झालं. राजकारण बाजूला ठेवून बारावीच्या मुलाने हा प्रश्न रसायनशास्त्राचा म्हणून पाहावा. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लावलं तर डागाआधी दगडच फसफसून झिजेल. तेव्हा डाग कशाचा आहे आणि खालचा दगड काय सोसेल, या दोन्हींची उत्तरं हाती आल्याशिवाय पहिला थेंबही टाकता येत नाही. कार्बोनेटची कसोटी ज्याने हाताने केली आहे, त्याला ही अडचण ऐकताक्षणी कळते.

मावळाची स्वतःची गोष्ट तर याहून जवळची. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारायची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काम पाहू लागले. काचेच्या धंद्यात वाळूत काय आहे हे ओळखणं पहिलं येतं. वाळूत लोह असलं की काच हिरवट होते, कोबाल्ट किंचित मिसळला तरी गडद निळी. बोरॅक्स मण्याची कसोटी म्हणजे हेच काम वाटाण्याहून लहान आकारात: तारेच्या टोकावर बोरॅक्स वितळवून काचेचा मणी करायचा, त्याला क्षाराचा कण लावून पुन्हा तापवायचा आणि रंग पाहायचा. तळेगावातल्या मुलाने हा मणी केला तर त्याला सांगावं, की तुझ्या गावात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लोकांच्या पैशापैशातून याच विद्येचा कारखाना उभा राहिला होता.

मावळ भाताचा तालुका आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेला ‘इंद्रायणी’ हा वाण 1987 पासून शेतकऱ्यांच्या हाती आहे. भाताच्या पानांवर तांबूस ठिपके पडून वाढ खुंटणारा खैरा रोग हिमालयाच्या तराईत पिकं बुडवत होता. तो जंतूंचा रोग नसून जमिनीतल्या जस्ताच्या कमतरतेचा आहे, हे पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी 1960 च्या दशकात दाखवलं. उपाय होता चुन्यासह झिंक सल्फेटची फवारणी. बारावीच्या परीक्षेत दरवर्षी कितीतरी पुड्यांत असणारं झिंक सल्फेट ते हेच. शेतकऱ्याच्या घरातून कामशेत किंवा वडगावहून कॉलेजात येणाऱ्या मुलीला हे कुणी सांगितलं, तर अमोनियायुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइडने येणारा जस्ताचा पांढरा अवक्षेप तिच्या घरच्या बांधापर्यंत पोचतो.

पाण्याचंही तसंच. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते आणि मावळातून देहू, आळंदीकडे जाते. आळंदीत गेली काही वर्षं नदीवर पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला आहे. उगमाजवळचं आणि खालच्या गावातलं पाणी बाटलीत आणून सिल्व्हर नायट्रेट, बेरियम क्लोराईड आणि अमोनियम मॉलिब्डेट यांनी क्लोराईड, सल्फेट, फॉस्फेट पाहणं बारावीच्या मुलांना जमण्यासारखं आहे. त्यातून आणखी एक गोष्ट ती शिकतील, जी परीक्षेतल्या क्षाराच्या पुडीतून कधी शिकता येत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. एवढं सूक्ष्म शिसं परीक्षानळीतल्या आयोडाइडला दिसणार नाही. म्हणून ‘माझ्या कसोटीत आढळलं नाही’ आणि ‘पाण्यात नाही’ या दोन वाक्यांतलं अंतर त्यांना राखावं लागेल. प्रयोगशाळेच्या अहवालावर सही करणाऱ्या प्रत्येकाला ही शिस्त लागते.

स्वयंपाकघरातही हेच. शिशाच्या खातरजमेसाठी पोटॅशियम क्रोमेट घातलं की जो पिवळा अवक्षेप मिळतो, ते लेड क्रोमेट. दक्षिण आशियात हळदीला झळाळी आणायला भेसळखोर तेच वापरत आल्याचं उघडकीला आलं आहे. गुळात धुण्याचा सोडा असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाने बुडबुडे येतात, ही कार्बोनेटची सरळ कसोटी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घरच्या घरी करायच्या अशा चाचण्यांची पुस्तिकाच काढली आहे. लोणावळ्याची चिक्की गुळावर आणि शेंगदाण्यावर उभी आहे; चांगल्या गुळाला या कसोटीचं भय नाही, आणि तो कसोटीला उतरलेला पाहणं हाही मुलांना एक धडाच आहे.

लोणावळ्यातच नौदलाच्या आयएनएस शिवाजीवर एप्रिल 2019 मध्ये ‘अभेद्य’ ही प्रशिक्षण सुविधा सुरू झाली. अण्वस्त्र, जैविक आणि रासायनिक हल्ल्यात जहाजावर काय करायचं, हे तिथे शिकवतात. हवेत काय पसरलं आहे ते आधी ओळखावं लागतं. बचावाची तयारी त्यानंतरची. उपकरणं आधुनिक असली तरी प्रश्न आपल्या पुडीचाच आहे: हे काय आहे, आणि कशावरून?

अध्यक्ष महोदय, या भागातल्या प्रयोगशाळांची एक अडचणही आपल्यापर्यंत पोचायला हवी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत फेरिक क्लोराईडची बाटली उघडी राहिली तर स्फटिकांचं तपकिरी पाणी होतं, कॅल्शियम क्लोराईड चिकट होतं, लेबलांना बुरशी धरते. फेरस सल्फेटचं द्रावण जुनं असलं की तपकिरी कडं उमटत नाही. प्रामाणिकपणे प्रयोग करणाऱ्या मुलीला अशा अभिकारकांनी चुकीचं उत्तर दिलं, तर गुण तिचे जातात. नळाच्या पाण्यात द्रावण केलं तर सिल्व्हर नायट्रेट प्रत्येक नमुन्यात क्लोराईड दाखवतं. ऊर्ध्वपातित पाणी आणि ताजे अभिकारक हा परीक्षेचा भाग मानला गेला पाहिजे.

सुरक्षेचं आणि सांडपाण्याचं बोलायलाच हवं. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे; त्याचा सडक्या अंड्यासारखा वास जास्त प्रमाणात नाकाला कळेनासा होतो, म्हणून तो अधिक घातक. वायू बाहेर खेचणारं कपाट नसलेल्या खोलीत हा वायू तयार करणारं किपचं उपकरण लावू नये. आणि परीक्षा संपल्यावर सिंकमध्ये शिसं, बेरियम, निकेल, कोबाल्ट ओतून द्यायचे, हे नदीच्या उगमाशी बसलेल्या तालुक्याला परवडणारं नाही. यावरचा उपाय अभ्यासक्रमातच आहे. वर्षभराचं धातूंचं सांडपाणी एका बरणीत साठवावं आणि शेवटच्या प्रात्यक्षिकाला मुलांनीच त्यातले धातू कार्बोनेट किंवा सल्फाइडच्या रूपात खाली बसवून, गाळून, घातक कचरा म्हणून वेगळे द्यावेत. गटांचं सगळं प्रकरण त्या एका दिवसात उजळणीला येईल.

म्हणून मंडळाकडे मागण्या चारच आहेत.

पहिली, परीक्षेतला नमुना खरोखर अज्ञात असू द्या. क्षारांची यादी वाढवा, क्रमांक प्रत्येक बॅचला बदला आणि रंगावरून न कळणारे नमुने जास्त ठेवा.

दुसरी, गुण नावापेक्षा वाटेला द्या. निरीक्षणं खरी असतील, अनुमान त्यांच्याशी जुळत असेल, तर शेवटचं नाव चुकलं तरी बहुतेक गुण मिळावेत. नाव बरोबर पण निरीक्षणं त्याच्याशी विसंगत, अशा उत्तराला ते मिळू नयेत. ‘कसोटी अनिर्णित, पुन्हा करून पाहिली’ असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलाचं कौतुक व्हावं.

तिसरी, जर्नलमध्ये एक नमुना तालुक्यातला असावा: नदीचं पाणी, शेतातली माती, घरचा गूळ किंवा हळद. त्यासोबत सांडपाणी साठवून निकामी करण्याचं प्रात्यक्षिक सक्तीचं असावं.

चौथी, तोंडी परीक्षेत मुलाला मराठीतून उत्तर देण्याची मोकळीक स्पष्ट शब्दांत द्यावी. मराठी शाळेतून दहावी होऊन अकरावीला इंग्रजीत आलेल्या मुलाला रसायन समजलेलं असतं, वाक्य जुळवता येत नसतं. एकोणिसाव्या शतकात बाळाजी प्रभाकर मोडक यांनी मराठीतून रसायनशास्त्र लिहिलं, तेव्हा या भाषेला ते पेललं होतं. परीक्षकासमोरच्या पाच मिनिटांत ते आजही पेलेल.

यातल्या कोणत्याही मागणीला महागडं उपकरण लागत नाही. परीक्षकांना नवी सूचना, गुणदानाचा नवा तक्ता, ऊर्ध्वपातित पाणी, काही झाकणबंद बरण्या आणि प्रयोगशाळा सहायकाचा योग्य तो मान एवढ्यावर काम भागेल. मावळ तालुक्यात घाटमाथ्यावरच्या वाड्यांतून एसटीने येणारी मुलंही आहेत आणि एक्स्प्रेस-वेलगतच्या नव्या वसाहतींतलीही; दोघांच्या लॅबमध्ये ही पद्धत एक वर्ष चालवून पाहता येईल. मंडळाने येत्या वर्षीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या सूचना काढताना हा प्रयोग मावळातून सुरू करावा, ही आग्रहाची विनंती आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
मावळातला एक विज्ञानप्रेमी नागरिक
लोणावळा, जि. पुणे